गाडी रात्री जिथे उभी राहते

पुण्यात विजेवरची गाडी घ्यायची ठरली की घरातली चर्चा ठरावीक प्रश्नांभोवती फिरते. एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाईल, बॅटरी किती वर्षं टिकेल, सरकार किती सूट देतं. शोरूममध्ये या प्रश्नांची उत्तरं तयार असतात. खरा अवघड प्रश्न मात्र बहुतेकदा गाडी बुक झाल्यावर समोर येतो. कोथरूडच्या चार मजली जुन्या इमारतीत, वाकडच्या तीनशे फ्लॅटच्या संकुलात किंवा शनिवार पेठेतल्या वाड्याबाहेर गाडी रात्रभर उभी राहते, तिथे तिला वीज कुठून आणायची आणि कोणाच्या मीटरवर? मग सोसायटीच्या कमिटीकडे एनओसीचा अर्ज जातो, वार्षिक सभेत वाद होतो, आणि तोवर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्डाची वायर खाली लोंबू लागते.

गाडीच्या किमतीवर दिली जाणारी सूट आता आटोपती घ्यावी आणि तो पैसा व ती प्रशासकीय ताकद रात्रीच्या पार्किंगपर्यंत वीज नेण्यात घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. विजेच्या गाडीचा इतिहास नीट पाहिला तर ती एकदा का हरली आणि पुन्हा का हरू शकते, हे त्यात दिसतं.

शिसं-आम्ल बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली बनवली. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर चालणारी तीनचाकी फिरवून दाखवली. कार्ल बेंझ यांच्या पेट्रोल गाडीच्या पेटंटला तेव्हा अजून पाच वर्षं अवकाश होता. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटारही विजेचीच. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिय जेनात्झी या बेल्जियन चालकाने पॅरिसजवळ ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या होत्या. धूर नाही, आवाज नाही, गिअर नाही, समोर उभं राहून हँडल मारायची कसरत नाही. शहरातल्या माणसाला आणखी काय हवं होतं?

पुढच्या पराभवाचं नेहमीचं स्पष्टीकरण सगळ्यांना ठाऊक असतं. हेन्री फोर्ड यांचं मॉडेल टी १९०८ मध्ये आलं, चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडल मारण्याचा त्रास गेला, पेट्रोल स्वस्त झालं, गावांपर्यंत रस्ते पोहोचले. १९१२ च्या सुमारास विजेची दोन आसनी गाडी १,७५० डॉलरला पडायची, पेट्रोलची ६५० ला. हे सगळं खरंच आहे. पण गाडी विकत घेऊ शकणाऱ्यांनाही ती सांभाळणं जड जात होतं, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. त्या काळी बहुतेक घरांत वीजच नव्हती. जिथे होती तिथेही पुष्कळ ठिकाणी एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज होती, आणि बॅटरीला लागते डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. ती करून घ्यायला काचेच्या मोठ्या फुग्यात पारा भरलेला रेक्टिफायर गॅरेजात बसवावा लागे, आणि तो चांगलाच महाग होता. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक गाडी वापरत. त्यांच्या घरी हा थाट परवडण्याजोगा होता. बाकीच्यांनी गाडी रात्री सार्वजनिक गॅरेजात ठेवायची, तिथल्या माणसाने चार्ज करायची, बॅटरीत पाणी घालायचं, आणि महिन्याला त्याचं भाडं भरायचं. म्हणजे गाडीचा मुक्काम एकीकडे आणि मालकाचं घर दुसरीकडे.

यावरचा तोडगाही तेव्हाच निघाला होता. लंडनमध्ये १८९७ साली विजेच्या टॅक्सी सुरू झाल्या. त्यांची बॅटरी हायड्रॉलिक लिफ्टने खाली उतरवून दोन-तीन मिनिटांत दुसरी चढवली जायची. पण गाडी दोन टनांच्या घरात, रस्ते दगडी. टायर झिजत आणि हादऱ्यांनी बॅटरीच्या प्लेटा खिळखिळ्या होत. दोन वर्षांत सेवा गुंडाळली. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या वीज कंपनीने मात्र १९१० पासून १९२४ पर्यंत वेगळा प्रयोग चालवला. ट्रक बॅटरीशिवाय विकायचा, बॅटरी कंपनीच्या मालकीची, ग्राहकाने महिन्याचं ठरावीक भाडं आणि मैलामागे पैसे द्यायचे. पेट्रोलच्या लाटेतही हा प्रयोग चौदा वर्षं टिकला, कारण चार्जिंगची आणि बॅटरीच्या तब्येतीची जबाबदारी एका ठरलेल्या घटकाने अंगावर घेतली होती. आज बॅटरी भाड्याने देण्याच्या किंवा अदलाबदलीच्या योजना नवी कल्पना म्हणून समोर येतात, तेव्हा हार्टफर्डची आठवण ठेवावी.

भारतातला प्रवासही याच वळणाने गेला. १९९३ मध्ये एडी करंट कंट्रोल्स या कंपनीने ‘लव्हबर्ड’ ही दोन आसनी गाडी दाखवली. २००१ मध्ये बंगळुरूहून चेतन मैनी यांची ‘रेवा’ आली. सहा व्होल्टच्या आठ शिसं-आम्ल बॅटऱ्या, एकूण ४८ व्होल्ट, कागदावर ऐंशी किलोमीटरची धाव. त्यानंतरच्या दशकात शहरोशहरी त्या हलक्या स्कूटर आल्या. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरचा कमाल वेग असेल तर नोंदणी नको, परवाना नको. पुण्यातही त्या बऱ्याच दिसायच्या आणि वर्ष-दीड वर्षात जिन्याखाली धूळ खात पडायच्या.

त्या का पडायच्या, हे समजून घेण्यासारखं आहे. शिसं-आम्ल बॅटरी रोज ऐंशी टक्क्यांपर्यंत रिकामी केली तर ती साधारण दोन-तीनशे चक्रांत थकते. अर्धवट चार्ज अवस्थेत दोन-तीन दिवस राहिली तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात, ते पुन्हा विरघळत नाहीत आणि क्षमता कायमची घटते. चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांतली एक कमकुवत झाली की ती आधी रिकामी होते, बाकीच्या तिला उलट दिशेने ओढतात, आणि महिन्याभरात पूर्ण संच बाद. अशा बॅटरीला रोज रात्री, न चुकता, आठ तास पूर्ण चार्ज हवा होता. ज्याच्या पार्किंगमध्ये सॉकेट नाही, त्याने ती कशी जगवायची? म्हणून त्या स्कूटरचा दोष निम्मा बॅटरीचा आणि निम्मा पार्किंगचा होता, असं मी मानतो.

केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये अशा वाहनांना अनुदान दिलं. ३१ मार्च २०१२ ला ते संपलं आणि विक्री कोसळली. नंतर विजेच्या वाहनांना अनुदान देणारी केंद्राची फेम योजना आली, २०१९ मध्ये दहा हजार कोटींचा तिचा दुसरा टप्पा आला. जून २०२१ मध्ये दुचाकीचं अनुदान बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे १५,००० रुपये झालं. जून २०२३ मध्ये ते १०,००० वर आणि किमतीच्या पंधरा टक्क्यांच्या मर्यादेत आणलं. मे महिन्यात देशभरात लाखावर ई-दुचाकी नोंदल्या गेल्या होत्या, जूनमध्ये आकडा निम्म्याच्या खाली गेला. विक्री पुढे सावरली, हे मान्य. पण दोन्ही वेळा धडा एकच: सवलतीचा पैसा गाडीबरोबर एकदाच खर्च होतो आणि संपतो. पार्किंगमध्ये टाकलेली तांब्याची केबल पंचवीस वर्षं राहते आणि मालक बदलला, गाडी बदलली तरी उपयोगी पडते.

दरम्यान बॅटरीचं मुख्य कोडं सुटलं. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांच्या कामातून घडलेली लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. २०१० नंतरच्या पंधरा वर्षांत तिची किंमत नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरली. या बदलात पुणे बघ्याच्या भूमिकेत नव्हतं. १९७२ पासून मराठी घरांत रुजलेलं ‘चेतक’ हे नाव विजेच्या स्कूटरवर जानेवारी २०२० मध्ये परत आलं आणि ती स्कूटर पहिल्यांदा पुणे आणि बंगळुरूत विकली गेली. त्याच महिन्यात बाजारात आलेली टाटांची नेक्सॉन ईव्ही रांजणगावच्या कारखान्यात तयार होत होती. वेताळ टेकडीवरची एआरएआय ही १९६६ पासूनची चाचणी संस्था गाड्यांच्या प्रमाणपत्रांचं काम करते. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह अनेक शहरांत स्कूटर पेटल्यावर बॅटरीचे नियम कडक झाले, एआयएस-१५६ या मानकात दुरुस्त्या आल्या आणि त्या डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एक सेल तापून फुटला तर आग शेजारच्या सेलला लागू नये आणि चालकाला आधी इशारा मिळावा, ही त्यातली महत्त्वाची अट.

गाडी आता पुरेशी चांगली आहे, हे पुण्यापुरतं तपासायला सिंहगड घ्या. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, गड १,३१२ वर. दोन माणसं धरून स्कूटरचं वजन २६० किलो मानलं तर साडेसातशे मीटर चढायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त ऊर्जा लागते, मोटर-कंट्रोलरची तूट धरून सव्वासहाशे वॅट-तास. तीन युनिटच्या बॅटरीतला हा पाचवा हिस्सा. त्यात जाण्या-येण्याचं अंतर मिळवलं तरी स्कूटर घरी परत येते. घाटात गाडी दम तोडेल ही भीती आता सोडून द्यायला हवी.

पर्यावरणाचा हिशेबही इथेच उरकून घेतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी स्कूटर किलोमीटरमागे १८० वॅट-तास खाते, विजेची ३५ च्या आसपास. महाराष्ट्रातली वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशाची आहे. औष्णिक केंद्रातली आणि वहनातली तूट धरली तर ३५ चे शंभर-सव्वाशे होतात. तरीही ते १८० पेक्षा कमीच आहेत, आणि धूर सिंहगड रस्त्यावरच्या सिग्नलला शेजारच्या मुलाच्या नाकासमोर निघत नाही. सौरऊर्जा वाढेल तसा हा फरक रुंदावत जाईल.

आता सोसायटीच्या पार्किंगकडे. इथे थोडं रेंगाळतो, कारण सगळी गुंतागुंत इथेच आहे.

शंभर फ्लॅटची सोसायटी धरा. समजा तिथे काही वर्षांत साठ स्कूटर आणि तीस मोटारी विजेच्या झाल्या. स्कूटर रोज तीस किलोमीटर फिरली तर चार्जरची तूट धरून सव्वा युनिट लागेल. मोटार रोज चाळीस किलोमीटर चालली तर साडेसहा युनिट. साठ स्कूटरचे ७५, तीस मोटारींचे १९५, मिळून २७० युनिट. रात्रीच्या आठ तासांत विभागले तर सरासरी भार ३४ किलोवॅट. पण सगळ्यांनी संध्याकाळी साडेसातला घरी येऊन एकदम प्लग लावले तर? मोटारीला ३.३ किलोवॅट, स्कूटरला पाऊण किलोवॅट, एकूण १४४ किलोवॅट. आणि ते नेमके लिफ्ट, गिझर, एसी, मिक्सर सगळं चालू असतानाच्या वेळेत. कमिटीच्या मनात ट्रान्सफॉर्मर उडण्याची भीती असते ती या १४४ ची. खरी गरज ३४ ची आहे. हा चौपटीचा फरक वेळेची वाटणी करून मिटतो. त्यासाठी नवा ट्रान्सफॉर्मर लागत नाही.

ही वाटणी करायची रीत जुनी आणि साधी आहे. मुख्य पॅनेलच्या येणाऱ्या केबलवर करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या कड्या, बसवायचे. इमारतीचा एकूण भार ठरलेल्या मर्यादेजवळ गेला की नियंत्रक चार्जरचा प्रवाह उतरवतो. भिंतीवर बसवायच्या चार्जरमध्ये गाडीला किती अँपिअर घ्यायचे हे सांगणारी एक संदेशवाहक तार असते. तिच्यातून ३२ अँपिअरवरून ६ पर्यंत खाली आणता येतं. गाडीसोबत मिळणाऱ्या १५ अँपिअरच्या पोर्टेबल चार्जरला बाहेरून असं सांगता येत नाही. त्यांच्यासाठी गट पाडून काँटॅक्टरने, म्हणजे आपोआप वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचने, वेळ वाटून द्यावी: पहिला गट रात्री दहा ते एक, दुसरा एक ते चार, असं. रोजच्या चाळीस किलोमीटरला साडेतीन किलोवॅटचे दोन तास पुरतात.

वीज कुठून घ्यायची, याचे दोन मार्ग आहेत. पहिला, प्रत्येकाने मीटर रूममधल्या आपल्या मीटरवरून स्वतंत्र केबल पार्किंगपर्यंत आणायची. पहिल्या पाच-सात गाड्यांना हे सोयीचं वाटतं. विसाव्या गाडीला केबल ट्रे भरलेला असतो, मीटर रूममध्ये हात घालायला जागा नसते, आणि प्रत्येकाला महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. दुसरा मार्ग, सोसायटीने चार्जिंगसाठी एक वेगळी थ्री-फेज जोडणी घ्यायची, पार्किंगच्या कडेने एक जाड आर्मर्ड केबल किंवा बसबार (वीज वाहणारी धातूची पट्टी) न्यायचा, आठ-दहा गाड्यांमागे एक टॅप बॉक्स, आणि प्रत्येक ठिकाणी सबमीटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीने ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागण्याची सोय झाली आहे. त्याच दुरुस्तीने महानगर क्षेत्रात नवी जोडणी देण्याची मुदत तीन दिवसांवर आणली. दुसऱ्या मार्गाचा सुरुवातीचा खर्च एकदम येतो म्हणून सभेत तो मागे पडतो. पण चाळीस सुट्या केबलींचा एकूण खर्च त्याहून जास्त होतो, फक्त तो चाळीस जणांच्या खिशातून वेगवेगळ्या वेळी गेल्यामुळे कुणाच्या हिशेबात येत नाही. हा मार्ग स्वीकारताना सिंगल फेजचे चार्जर आर, वाय आणि बी या तिन्ही फेजवर सारखे वाटले आहेत ना, हे कागदावर लिहून घ्यावं. सगळे एकाच फेजवर गेले तर इमारतीचं व्होल्टेज एका बाजूला कलतं, न्यूट्रल तापतो, आणि वरच्या मजल्यावरचे फ्रिज उडतात तेव्हा दोष गाड्यांना दिला जातो.

वायरिंगमध्ये चुका होतात त्या ठरलेल्याच. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गिझर दहा-पंधरा मिनिटं चालतो. मोटार त्याच सॉकेटमधून सहा-आठ तास सलग पंधरा अँपिअर ओढते. मीटरपासून पार्किंग चाळीस मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन ऐंशी मीटर तांबं. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये साडेनऊ व्होल्ट गळतात आणि जवळपास १४५ वॅटची उष्णता वायरीतच जिरते, तीही भिंतीतल्या बंद पाइपात. चार चौरस मिलिमीटर घेतली तर हेच आकडे सहा व्होल्ट आणि नव्वद वॅटवर येतात. म्हणून १५ अँपिअरच्या चार्जरला किमान चार, ३२ अँपिअरच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरला सहा, आणि अंतर चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे असेल तर दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल हवी.

तरी आग वायरीच्या मधोमध क्वचित लागते. ती लागते जोडात. सॉकेटच्या मागचा स्क्रू सैल राहिला आणि तिथे एक दशांश ओहम इतकाच रोध आला, तरी पंधरा अँपिअरला त्या एका टिंबावर साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या डबीत तासन्‌तास चालू ठेवण्यासारखं हे आहे. पिन काळी पडते, स्प्रिंग ढिली होते, रोध आणखी वाढतो. यासाठी घरगुती प्लेटऐवजी औद्योगिक प्रकारचं सॉकेट वापरावं, वायरच्या टोकाला लग नीट क्रिम्प करावी, आणि पहिल्याच आठवड्यात दोन तास चार्जिंग झाल्यावर सॉकेटला हात लावून बघावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. एक्स्टेन्शन बोर्ड तर पार्किंगमधून हद्दपारच व्हायला हवेत.

अर्थिंगची गोष्ट याहून गंभीर आहे. जुन्या इमारतींत पार्किंगपर्यंत अर्थची तार आलेलीच नसते. चार्जर लाल दिवा दाखवतो, सुरू होत नाही. मग कोणीतरी सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एका तारेने जोडून देतो. दिवा हिरवा होतो आणि सगळे खूश होतात. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीचं सगळं लोखंड २३० व्होल्टला जातं, आणि जूनमधल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाने हँडल धरलं तर त्याचा जीव जाऊ शकतो. ज्या सोसायटीत अशी जोड सापडेल तिथे ती त्याच दिवशी काढावी. चार्जिंगसाठी वेगळा अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, करावा, त्याचा रोध मोजून नोंद ठेवावी, उन्हाळ्यात माती सुकते तेव्हा पुन्हा मोजावा. सोबत प्रत्येक चार्जरला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा, तोही ‘टाइप ए’. घरोघरी पुष्कळदा बसलेला ‘टाइप एसी’ हा गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर आंधळा होतो आणि धोक्याच्या वेळी पडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय आहे की नाही, हेही विचारून घ्यावं.

तळघरात आग लागेल म्हणून चार्जिंगच नको, असा सूर अनेक सभांमध्ये लागतो. भीती खोटी नाही. लिथियमची आग विझवायला भरपूर पाणी आणि बराच वेळ लागतो, आणि ती पुन्हा भडकू शकते. पण बंदी घातल्याने गाड्या यायच्या थांबत नाहीत. लोक काढता येणारी बॅटरी फ्लॅटमध्ये नेऊन दारामागच्या बोळात, म्हणजे पळायच्या एकुलत्या एका वाटेवर, चार्ज करतात. हे पार्किंगमधल्या नीट वायरिंगपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. बंदीऐवजी नियम कडक करावेत: कंपनीचा मूळ चार्जरच वापरायचा, पडलेली, फुगलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी तपासून घेतल्याशिवाय प्लगला लावायची नाही, जुन्या शिसं-आम्ल स्कूटरमध्ये बाजारातून आणलेला लिथियम संच बसवला असेल तर तिला प्रवेश नाही, आणि चार्जिंगची जागा शक्यतो तळमजल्यावर, उघड्या बाजूला, जिन्यापासून आणि गॅस बँकेपासून लांब. पूर्ण चार्जिंगची वीज एका झटक्यात तोडणारा मोठा स्विच गेटजवळ, वॉचमनच्या हाताशी हवा.

इथे शासनाचं काम सुरू होतं. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने नव्या निवासी प्रकल्पांतली किमान वीस टक्के पार्किंगं चार्जिंगसाठी सज्ज असावीत असं म्हटलं. ‘सज्ज’ या शब्दाचा अर्थ मात्र बिल्डरवर सोडून चालणार नाही. दोन खांबांवर दोन सॉकेट लावून फोटो काढला म्हणजे सज्जता होत नाही. केबल ट्रे, पॅनेलमधली रिकामी जागा, अर्थ पिट, मंजूर झालेला भार आणि भार-नियंत्रकाची तरतूद, हे सगळं तपासल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. जुन्या सोसायट्यांसाठी मात्र पैसा लागेल. माझी मागणी अशी: वैयक्तिक गाडीवर द्यायच्या सवलतीतला वाटा काढून सोसायटीच्या सामायिक केबलला आणि अर्थिंगला अनुदान द्यावं, ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून झाल्यावर आणि चाचणीचा अहवाल आल्यावरच. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली. तिचा लाभ प्रामुख्याने त्यालाच होतो ज्याच्याकडे आधीच मोटार आहे आणि ती चार्ज करायला जागाही आहे. मला हा अग्रक्रम पटत नाही.

द्रुतगती मार्गावरचे ५० किंवा १०० किलोवॅटचे जलद चार्जर हवेतच, लांबच्या प्रवासाला दुसरा इलाज नाही. पण रोजच्या वापरासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवणं महागात पडतं. यंत्र महाग, जोडणी महाग, म्हणून युनिटचा दर घरच्याच्या दुप्पट-तिप्पट होतो, आणि दिवसाचा बराच वेळ ते यंत्र रिकामं असतं किंवा बंद पडलेलं असतं. ज्यांना दिवसा चार्ज करता येईल त्यांच्यासाठी हिंजवडी, चाकण, तळवडे इथल्या कंपन्यांच्या पार्किंगमध्ये साधे साडेतीन किलोवॅटचे सॉकेट शेकड्याने बसले, तर गाडी नऊ तास उभी असताना दुपारची सौर वीज तिच्यात जाईल.

पीएमपी या पुण्याच्या शहर बससेवेने या बाबतीत जे केलं त्याचं मोल नागरिकांनी ओळखलं पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंचवीस ई-बसगाड्यांपासून सुरुवात झाली, भेकराईनगर आणि निगडीच्या आगारांत चार्जिंग उभं राहिलं, आणि मग ताफा वाढत गेला. क्रम बघा: आधी आगारात वीज, मग बस. बारा मीटरची वातानुकूलित बस किलोमीटरमागे एक-सव्वा युनिट घेते. रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या शंभर बसना वीस ते पंचवीस हजार युनिट लागतात. रात्रीच्या सहा तासांत ते भरायचे तर साडेतीन-चार मेगावॅट, म्हणजे उच्चदाबाची स्वतंत्र वाहिनी. हे आधी न आखता बस आणल्या असत्या तर त्या उभ्याच राहिल्या असत्या. खासगी गाड्यांबाबत आपण नेमका उलटा क्रम लावला आहे. आणि पैसा मर्यादित असेल तर पहिला हक्क बसचाच, हेही सांगायला हवं. एका बसमध्ये बसलेली पन्नास माणसं म्हणजे रस्त्यावरून कमी झालेल्या तीस-चाळीस दुचाकी.

राहता राहिल्या पेठा, वस्त्या आणि चाळी. इथे गाडी रस्त्यावर उभी राहते, पार्किंग नावाची गोष्टच नाही, आणि विजेच्या स्कूटरचा खरा फायदा ज्यांना आहे ते घरपोच माल देणारे, भाजीवाले, रिक्षावाले इथेच राहतात. पेट्रोलची स्कूटर रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याला दोन लिटर लागतात, लिटरचा भाव शंभरावर. विजेच्या स्कूटरला त्याच अंतराला तूट धरून चार युनिट पुरतील. महिन्याला हजारो रुपयांचा हा फरक ज्याच्या घरात सगळ्यात जास्त कामाचा, त्याच्याकडेच सॉकेट नाही. त्याच्यासाठी महापालिकेच्या मंडया, शाळा आणि वाहनतळांच्या आवारात रात्री दहा ते सहा स्कूटरचे स्लो चार्जर उघडावेत. पंचवीस स्कूटरना पाऊण किलोवॅटप्रमाणे वीस किलोवॅटसुद्धा लागत नाहीत. रस्त्यावरचे सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले तेव्हा पथदिव्यांच्या केबलींवरचा भार निम्म्याच्या आसपास उतरला. त्या मोकळ्या क्षमतेवर खांबाखांबाला एक सॉकेट देता येईल, फक्त पथदिव्यांची लाइन दिवसा टाइमरने बंद होते, म्हणून सॉकेटसाठी वेगळी फेज ओढावी लागेल आणि जमिनीपासून किमान मीटरभर उंचीवर, पावसाचं पाणी न शिरणाऱ्या पेटीत ते बसवावं लागेल. सुरुवात कसबा आणि मंगळवार पेठेपासून करावी, एकेका गल्लीत दहा खांब, आणि पहिल्या पावसाळ्यात त्यांतले किती आरसीसीबी पडले, किती सॉकेट काळे झाले, याची नोंद दर महिन्याला लोकांसमोर ठेवावी.